बांध ओलांडून गेलेले मासे

उजनी धरणाच्या फुगवट्यावर उजाडताना होडीत ओढलेल्या जाळ्यात बहुतेक एकाच जातीचा मासा दिसतो. करडा, पाठीवर काटेरी पर असलेला. भिगवण-इंदापूरकडे त्याला, म्हणजे तिलापियाला, ‘चिलापी’ म्हणतात. मूळचा आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली संवर्धनासाठी आणला गेला. मादी अंडी तोंडातच उबवते आणि धोका जाणवला की पोहू लागलेल्या पिल्लांनाही पुन्हा तोंडात घेते, त्यामुळे त्यांतली बरीच पिल्ले जगतात आणि वीणही वर्षातून अनेकदा होते. शेततळ्यात मात्र याच गुणामुळे दाटी होऊन माशांची वाढ खुंटते आणि वीतभर मालाला व्यापारी भाव देत नाहीत. तळ्यातून नदीत गेल्यावर तो स्थानिक माशांचे अन्न आणि विणीच्या उथळ जागा बळकावतो. ज्या मुळा-मुठेतून दख्खनी महाशीर या स्थानिक माशाची शास्त्रीय नोंद १८३९ साली झाली, तिचे पाणी भीमेतून याच धरणात येते.

आफ्रिकन मांगूर याहून घातक आहे. ‘थाई मांगूर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या माशाच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी उजनीच्या काठच्या तळ्यांत तो चोरून वाढवला जात राहिला. कारण उघड आहे. कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर तो झपाट्याने वाढतो आणि हवेतूनही श्वास घेत असल्याने गढूळ, प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तगतो. पावसाळ्यात बांध निसरडा झाला की छातीच्या परांवर रेटा देत तो चिखलातून सरकत पुढच्या पाण्यात उतरतो आणि तिथले लहान मासे खातो.

कारवाई झाली की तळ्यातला सगळा माल खड्ड्यात पुरला जातो आणि कर्ज काढून तळे भरणारा शेतकरी एका दिवसात उघडा पडतो. त्याच्या नुकसानीची निदान बातमी तरी होते. धरणात पैसे भरून कटला-रोहूची बोटुकली (बोटभर पिल्ले) सोडणाऱ्या मच्छीमार संस्थेचे नुकसान मात्र पाण्याखालीच राहते, कारण ती बोटुकली मोठी होण्याआधीच मांगुराच्या पोटात जाते. या संस्थेतल्या भोई, म्हणजे मच्छीमार, कुटुंबांनी मांगूर कधीच पाळलेला नसतो.