जठरातलं अन्न आणि रिपोर्टमधली एक ओळ

दोन वर्षांत पाच सोनोग्राफी. पाचही रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलमध्ये लावलेले. ती फाइल माझ्या टेबलावर ठेवून बाई म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला होतंय ते काय?" त्या बाईंकडे मी शेवटी परत येणार आहे. त्यांच्या फाइलमधली एक ओळ माझ्या मनातून अजून जात नाही.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. पोट दुखतं, जळजळतं, फुगतं, अन्न वर येतं, पोट साफ होत नाही, अशा तक्रारींची माणसं माझ्याकडे रोज येतात. बहुतेकांच्या चिठ्ठीवर एकच शब्द असतो, 'पोटदुखी'. आता एवढ्यावरून मी नेमकं काय शोधायचं? पोटात पित्ताशय आहे, यकृत आहे, स्वादुपिंड आहे, जठर आहे, आतडी आहेत. प्रत्येकाला बघायची तऱ्हा वेगळी. एका यंत्राला जे लख्ख दिसतं ते दुसऱ्याला दिसतच नाही.

सोनोग्राफीचंच घ्या. इथे बसलेल्या पुष्कळांनी ती करून घेतली असेल. उपाशी या, असं सांगतात. का? पित्ताशय ही पित्त साठवणारी पिशवी. आपण खाल्लं की ती आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. सहा ते आठ तास पोट रिकामं राहिलं की ती भरून येते आणि पडद्यावर काळ्याभोर पेअरसारखी दिसते. त्यात खडा असेल तर एक पांढरी चकचकीत रेघ आणि तिच्यामागे काळी सावली, कारण ध्वनिलहरी खड्याच्या पलीकडे जात नाहीत. मग मी म्हणतो, "डाव्या कुशीवर वळा." रुग्ण वळतो आणि पडद्यावर तो पांढरा ठिपका हळूच घरंगळत खाली येतो. घरंगळला म्हणजे खडा, भिंतीला चिकटून राहिला तर बहुधा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची लहानशी वाढ. इतकी वर्षं झाली, तरी तो खडा सरकताना बघायला मला अजून आवडतं. पित्ताच्या खड्यांसाठी याहून सोपी आणि चांगली पहिली तपासणी नाही.

पण हवेपुढे याच यंत्राचं काही चालत नाही. आतड्यात गॅस असला की त्याच्यामागचं सगळं झाकलं जातं. स्वादुपिंड तर जठराच्या मागे लपलेलं, ते कित्येकदा अर्धंच दिसतं. जठराच्या आतल्या अस्तरावरचा अल्सर सोनोग्राफीत सहसा कळत नाही. त्यासाठी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी लागते, आणि ती पोटविकारतज्ज्ञ करतात. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' याचा अर्थ एवढाच, की जे दिसण्यासारखं होतं त्यात काही सापडलं नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पोट हे सतत हलणारं यंत्र आहे. बहुतेक फोटोंत त्याचा आकार दिसतो, त्याची चाल दिसत नाही. गंमत म्हणजे या शास्त्राची सुरुवात चालीपासूनच झाली. जर्मन शास्त्रज्ञ राँटगेनना क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ च्या नोव्हेंबरात. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने प्राण्यांच्या अन्नात बिस्मथ या धातूचा क्षार मिसळला आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर ते अन्न पोटात कसं पुढे सरकतं हे पाहिलं. मांजराच्या जठरावरून लाटा जाताना त्याला दिसल्या. आणि एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मांजर बिथरलं की लाटा थांबायच्या, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. १८९८ मध्ये त्याने हे छापलं. म्हणून "तुमचं पोट टेन्शनमुळे बिघडतं" असं डॉक्टर म्हणाले तर अपमान वाटून घेऊ नका. मनाचा पोटाच्या हालचालीवर होणारा परिणाम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेला आहे. आणि म्हणूनच "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही" असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. आयबीएससारख्या, म्हणजे आतड्याची चाल बिघडण्याच्या त्रासात फोटो स्वच्छ येतात, दुखणं मात्र खरं असतं.

पुढे बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. बेरियम जड असल्यामुळे क्ष-किरण अडवतं, आणि त्याचा हा क्षार पाण्यात विरघळत नाही, म्हणून अंगात न भिनता जसा गेला तसा बाहेर पडतो. पेल्यात दाटसर पांढरं पेय असतं, चव खडूसारखी. उभं राहून घोट घ्यायचा, "आता गिळा" म्हटलं की गिळायचं. पडद्यावर तो काळा घोट अन्ननलिकेतून खाली घसरताना दिसतो. ज्यांना घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, त्यांच्यापैकी काहींचा घोट जठराच्या तोंडाशी येऊन थबकतो. वर अन्ननलिका फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं टोक. हा अकॅलेशिया. झडपेचा स्नायू सैल पडायला तयार नसतो. सुरुवातीच्या दिवसांत एंडोस्कोपीतही तो निसटू शकतो, कारण अस्तर चांगलंच असतं. चुकतंय ते झडपेचं उघडणं. बेरियम घेतल्यावर एक-दोन दिवस भरपूर पाणी प्या, नाहीतर बद्धकोष्ठ होतं. शौचाला पांढरी झाली तर घाबरू नका. मात्र आतड्याला भोक पडल्याची शंका असेल तर बेरियम देत नाहीत, पाण्यात विरघळणारं आयोडीनयुक्त औषध वापरतात.

सीटी स्कॅनबद्दल दोन गोष्टी पुरे. शिरेतून औषध गेलं की घशापासून खाली एक गरम लाट उतरते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, नुसता भास असतो, मिनिटभरात जातो. हे आधी सांगितलेलं नसलं की माणसं दचकून हलतात आणि फोटो बिघडतो. मूत्रपिंडाचा त्रास, आधीची ॲलर्जी, गरोदरपण हे टेबलावर झोपण्यापूर्वीच सांगा. दुसरं, पोटाच्या सीटीत साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतोच, म्हणजे तीन-चार वर्षांचा वाटा एका दिवसात. गरज असेल तेव्हा हा हिशोब करत बसू नये. वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, शौचाला डांबरासारखी काळी होते, गिळता येत नाही, अशी लक्षणं असली तर डॉक्टर सांगतील ती तपासणी ताबडतोब करा. पण "एकदा सगळंच बघून टाकू" म्हणून सीटी मागायला येऊ नका. अशा वेळी यकृतातली एखादी निरुपद्रवी गाठ सापडते आणि तिच्या मागे सहा महिने जातात.

पित्तनळीत खडा अडकल्याची शंका असेल तर एमआरसीपी करतात. ती एमआरआयचाच प्रकार आहे. साचलेलं पाणी त्यात पांढरंशुभ्र उमटतं, म्हणून पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी झाडाच्या फांद्यांसारखी दिसते, आणि खडा असेल तिथे काळी खाच. किरणोत्सर्ग अजिबात नाही.

आता त्या बाई.

मी त्यांना विचारलं, नेमकं काय होतं? म्हणाल्या, दुखत नाही फारसं. चार घास खाल्ले की पोट गच्च होतं. संध्याकाळी उलटी झाली तर सकाळचं अन्न जसंच्या तसं पडतं. मधुमेह? वीस वर्षांपासून. पाच चिठ्ठ्यांवर यातलं एक अक्षर नव्हतं. मी रिपोर्ट पुन्हा वाचले. दोन रिपोर्टांच्या तळाशी एक ओळ होती: 'रुग्ण उपाशी आलेला नाही, त्यामुळे तपासणी मर्यादित.' बाई म्हणाल्या, "मी दोन्ही वेळा रात्रीपासून उपाशी होते. सांगितलं होतं मी. कुणी ऐकलं नाही."

त्या दोनपैकी एका रिपोर्टखाली माझी सही होती.

जठरातून अन्न बाहेर पडतं तिथे अडथळा नाही हे एंडोस्कोपीत आधी पक्कं झालं. मग जठर रिकामं होण्याचा स्कॅन केला. त्यात अंड्याच्या पांढऱ्याच्या हलक्या जेवणात टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडं मिसळतात. सहा तासांत त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. खाल्ल्याबरोबर, एका तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. चार तासांनी जठरात १० टक्क्यांहून जास्त अन्न उरू नये. बाईंच्या जठरात जवळजवळ एक तृतीयांश उरलं होतं. गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे जठराची चाल मंदावलेली. जुन्या मधुमेहात नसा दुबळ्या होतात आणि हे घडतं.

म्हणजे सोनोग्राफीत जठरात जे अन्न दिसल्यामुळे 'उपाशी आलेला नाही' असं लिहिलं, ते अन्न हाच त्यांचा आजार होता. तो पडद्यावर माझ्यासमोर होता आणि मी त्याला बाईंची चूक समजलो.

तेव्हापासून उपाशी माणसाच्या जठरात अन्न दिसलं की मी प्रोब बाजूला ठेवतो आणि शेवटचं कधी खाल्लं ते विचारतो. रिपोर्टमध्ये लिहितो: 'शेवटचं जेवण काल रात्री ८ वाजता. आज सकाळी ९ वाजता जठरात अन्न आहे.'