लीजनचा आकडा आणि तिरपा उजेड

नमस्कार मंडळी. आज एका नाण्याबद्दल बोलायचंय. आपल्या रुपयापेक्षा लहान, वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम, चांदीचं, आणि वय 2,000 वर्षांच्या वर. रोमन डिनेरियस, रोमन सेनापती मार्क अँटनीचा.

इ.स.पू. 32-31 मध्ये अँटनी आणि क्लिओपात्रा एका बाजूला, त्याचा प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, दुसऱ्या बाजूला, ग्रीसच्या किनाऱ्यावर लढाईची तयारी चाललेली, आणि एवढ्या फौजेचा पगार द्यायचा म्हणून अँटनीने ही नाणी धडाधड पाडली. एका अंगाला वल्ह्यांचं जहाज. दुसऱ्या अंगाला मधे गरुड, दोन्हीकडे पलटणीची निशाणं, आणि खाली तीन अक्षरं, एल, ई, जी, म्हणजे लीजन, म्हणजे पलटण, आणि पुढे तिचा नंबर. तो नंबरच महत्त्वाचा, परत सांगतो, नंबर महत्त्वाचा. दोन ते तेवीस नंबर मिळतात, एक नंबर फारच दुर्मिळ, आणि तेवीसच्या वरचा कोणी दाखवला तर आधी शंका घ्यायची. संग्राहक आयुष्यभर तो सेट जमवत बसतात.

आता माझं नाणं कसं आलं ते ऐका.

मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका नाण्यांच्या मेळाव्यात गेलो, आमची हीसुद्धा बरोबर, खरं तर पाय दुखतायत म्हणून नुसती खुर्ची शोधत होती. एका टेबलावर ट्रेमध्ये हे नाणं, चिठ्ठीवर लिहिलेलं "नंबर वाचता येत नाही", आणि जहाजाच्या बाजूला चंद्रकोरीसारखा एक छोटा ठोका, त्यामुळे किंमत निम्मी. मी परत ठेवत होतो. हिने हातात घेतलं. ही सांगलीच्या सराफाच्या घरातली, लहानपण पेढीवर गेलेलं. म्हणाली, "अहो, हा मार नाहीये, हे कोणीतरी तपासलंय. आत तांबं आहे का बघायला ठोकलंय. आणि चांदी पण हलकी वाटतेय मला." मी गप्प. कारण अँटनीच्या चांदीत भेसळ आहे हे प्लिनी नावाच्या जुन्या रोमन लेखकानेच लिहून ठेवलंय, आणि हिने प्लिनीचं नावही ऐकलेलं नव्हतं. घेतलं नाणं.

घरी आल्यावर नंबर काही लागेना. भिंगातून बघितलं, मोबाईलचा टॉर्च वरून मारला, सगळं पांढरं दिसायचं. व्ही, म्हणजे रोमन पाच, कळत होता, त्याच्या पुढे दोन उभ्या रेघा, म्हणजे सातवी लीजन असं मी वहीत लिहूनही टाकलं. ही भाजी निवडत होती, ती म्हणाली थांबा, आणि दिवे बंद करून टॉर्च टेबलावर आडवा ठेवला, नाण्याच्या अगदी कडेने उजेड. "आता सावली बघा. छापलेलं अक्षर वर उठलेलं असतं, त्याची सावली उजेडाच्या पलीकडे पडते. चरा खाली गेलेला असतो, त्यात सावली उजेडाच्या अलीकडच्या काठाला." बघितलं तर पहिल्या रेघेची सावली पलीकडे, दुसरीची अलीकडे. दुसरी रेघ रेघच नव्हती, ओरखडा होता! म्हणजे सात नाही, सहा. सहावी लीजन. मी वहीतला सात खोडला तेव्हा हात थरथरत होता, खरंच.

तर लक्षात ठेवा, उजेड वरून नाही, कडेने. घरात आजोबांची जुनी नाणी असतील त्यांनाही हेच चालतं. आणि हात जोडून सांगतो, रांगोळीने, चिंचेने घासू नका हो. देवाची भांडी घासा, नाणी नको. घासलेल्या नाण्यावर सावलीच पडत नाही.

नाणं इतकं झिजलं कसं? भेसळीमुळेच. चांगली चांदी लोक डब्यात ठेवतात, हलकं नाणं पुढे सरकवतात. इ.स.पू. 31 मध्ये 2 सप्टेंबरला ग्रीसच्या किनाऱ्यावर ॲक्टियमला अँटनी हरला, पुढच्या वर्षी मेला, पण नाणी बाजारात फिरतच राहिली, 200 वर्षांहून जास्त. आपल्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली शक क्षत्रप राजा नहपानाची 13,000हून जास्त नाणी सापडली, त्यातल्या 9,000हून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. हरलेल्याचं नाणं असं पुसतात. अँटनीचं कोणी पुसलं नाही, ते माणसांच्या बोटांनी झिजलं. मला ते जास्त जवळचं वाटतं.

आणि सहावीची गंमत पुढेच आहे. साधारण 200 वर्षांनी सम्राट मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस यांनी अँटनीचं हेच नाणं मुद्दाम परत पाडलं, तेच जहाज, तोच गरुड, आणि नंबर कुठला घातला? सहा! सगळ्या लीजन सोडून सहावीच.

आमचं नाणं लेस्टरलाच आहे, मुलीच्या कपाटात, कागदी पाकिटात, पाकिटावर हिच्या अक्षरात सहाचा आकडा. पुढच्या खेपेला त्या दुसऱ्या सहाव्या नाण्याचा शोध घ्यायचा ठरलंय, आणि या वेळी ट्रे आधी ही बघणार.