टिकल्यांनी आखलेली हद्द

श्रोतेहो, नमस्कार.

घरात माशांची टाकी असेल तर हे तुमच्याकडंही घडलं असेल. संध्याकाळी टाकीचा दिवा लावला, चिमूटभर खाद्य टाकलं आणि बघावं तर एक मासा फिल्टरच्या पाइपामागं अंग चोरून उभा. शेपटी फाटलेली, जेवायलाही पुढं येत नाही. आणि दुसरा एकजण मालकासारखा टाकीभर हिंडतोय. पोरं विचारतात, आई, हा मासा वाईट आहे का गं?

नाही. मासा वाईट नसतो. त्याला जागा राखायची असते. हे मी आज दोनदा-तीनदा म्हणणार आहे, कारण सगळी भांडणं बहुतेक इथूनच निघतात. जागा, आणि त्या जागेतलं खाणं.

मला हे शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घुमलेले, आता गुडघ्यांमुळं घरीच असतात. आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे. तिच्यात दोन गुरामी, सहा प्लॅटी, आणि मुलाच्या हट्टानं आणलेला एक रेड टेल शार्क. नावातच शार्क. खरं तर तो थायलंडकडचा, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातलाच. अंग काळंभोर, शेपटी लालभडक. आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता. दुकानदार म्हणाला, लई शांत हाय. वर्षभरात वीतभर व्हायला आला आणि खापराच्या एका कुंडीत त्यानं ठाण मांडलं. कुणी जवळ आलं की सुटलाच बाणासारखा. एक गुरामी महिन्याभरात गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मी रोज बघत होते आणि मला कळत नव्हतं.

दुसरीचीही तीच गत व्हायला लागली, तेव्हा मी जाळी घेऊन शार्कला कायमचा बाहेर काढायला निघाले. आबा म्हणाले, "थांब पोरी. आधी बघूया तरी, ह्यो हाणतोय का हुसकावतोय." आणि मला म्हणाले, "तुझं टिकल्यांचं पाकीट आण."

मला वाटलं, टिकल्यांचं काय करणार? आबांनी खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसले. शार्क कुणाच्या तरी मागं लागायचा, आणि एका ठिकाणी पाठलाग सोडून माघारी फिरायचा. जिथून माघारी फिरला, तिथं आबा बाहेरून काचेवर एक टिकली लावायचे. पुन्हा पाठलाग, पुन्हा टिकली. सलग दोन संध्याकाळी बसले. टीव्ही बंद, मोबाइल नाही. हल्ली एका जागी बसून तासभर काही बघत राहणं आपण विसरलोय. पोरांना तर घास भरवतानाही हातात मोबाइल द्यावा लागतो, आणि ते मला मुळीच पटत नाही. असो.

दुसऱ्या रात्री काचेवर टिकल्यांची रांग उभी राहिली होती. वरपासून खालपर्यंत, शेताच्या बांधासारखी. तीन फुटांतले जवळजवळ दोन फूट शार्कचे. आणि मी रोज खाद्य कुठं टाकत होते? टाकीच्या झाकणाला एका अंगाला भोक आहे, तिथून. म्हणजे बरोबर त्या दोन फुटांत! आबा म्हणाले, "रोज ह्याच्याच दारात पंगत मांडतीस. बाकीच्यांनी जेवायचं कुठं?"

मग आम्ही काय केलं, ते नीट ऐका. शार्कला पाच दिवस शेजाऱ्यांच्या रिकाम्या छोट्या टाकीत ठेवलं. तोवर इकडची सगळी मांडणी मोडली. कुंडी दुसऱ्या टोकाला नेली. मधोमध धुतलेले काळे गोटे रचले आणि उंच पानांची झाडं लावली, म्हणजे या टोकाचं त्या टोकाला दिसू नये. पाचव्या रात्री दिवा मालवून शार्कला परत सोडलं. सकाळी त्याला टाकी अनोळखी. गुरामी आधीपासून तिथली, आणि हा नवा आलेला पाहुणा. खाद्य दोन टोकांना टाकायला लागलो, आधी शार्ककडं, लगेच दुसरीकडं.

आबांनी पुन्हा टिकल्या लावल्या. या वेळी हद्द भरली कुंडीभोवती वीतभर. गुरामी आठवड्यात पुढं येऊन जेवायला लागली.

म्हणजे पुन्हा सांगते. आधी बघा. मग मांडणी मोडा. मग दांडगा मासा शेवटी सोडा, आणि तोही अंधारात. खाणं दोन जागी.

मांडणी बदलून सगळंच मिटतं असं नाही. टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले, तर ते एंजलच्या लांब पंखांचे लचके तोडतात. आठ-दहा ठेवले की आपापसांतच गुंततात, तरीही एंजलसोबत नकोतच. गप्पी, मॉली असतील तर एका नरामागं दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर एकाच मादीला दमवून मारतो. फायटरचे दोन नर एका टाकीत कधीच नाही. फ्लॉवरहॉर्न एकटाच बरा. आणि एंजलच्या जोडीनं पानावर अंडी घातली, तर काही दिवस ती जोडी कुणालाच जवळ फिरकू देणार नाही. ते आईबापाचं काम आहे, त्यांना वेगळी टाकी द्या.

काही मासे मात्र जागेसाठी नाही, पोटासाठीच दुसऱ्याला ओरबाडतात. आपल्या पंचगंगेतच असा एक मासा आहे, खवलचोर. दुसऱ्या माशांची खवलं खातो. 1952 साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, तेव्हा शास्त्रीय नावातही खवलचोर हाच आपला शब्द ठेवला. मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण नदीतून धरून आणलेला मासा घरच्या टाकीत टाकू नका, त्यातला कोण कुणाची खवलं खाईल ते कळायचं नाही.

आणि वाढदिवसाला पोरांना काचेच्या गोल भांड्यात मासा भेट देतात, ते कृपा करून बंद करा. त्यात ना फिल्टर, ना लपायला जागा.

शेवटचं. एवढं करूनही एखादा मासा जुळवून घेत नसेल, तर त्याला रंकाळ्यात सोडू नका. पंचगंगेतही नको. परदेशी मासा तिथं तगला तर तिथल्या माशांच्या जागेवर आणि खाण्यावर बसतो. दुकानदार परत घेतो का विचारा, बरेच जण घेतात. नाहीतर ओळखीत ज्यांच्याकडं मोठी टाकी असेल, त्यांना द्या, आणि देताना त्याचा स्वभाव सांगून द्या.

नमस्कार.