छत तापतं कुणाचं, बिल भरतो कोण

[दृश्य: नागपूर. मे महिना. व्यापारी संकुलाची मोकळी गच्ची.]

दुपारचे तीन. बाहेर पारा 45 अंशांवर. गच्चीच्या उघड्या काँक्रीटला तापमापक लावला, तर आकडा साठीला टेकतो. याच स्लॅबखाली, शेवटच्या मजल्यावरच्या ऑफिसात, एसी 25 अंशांवर लावलेला.

भिंतींना ऊन पाळीपाळीनं लागतं. सकाळी पूर्वेची, संध्याकाळी पश्चिमेची. छताला अशी सुटी नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. नागपुरात त्यातला पहिला शून्य सावलीचा दिवस पडतो मेच्या अखेरीस, ऐन उन्हाळ्यात.

जरा हिशेब करू. सहा इंची आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू साधारण 3.3. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला, की दर चौरस मीटरमधून 3.3 वॅट उष्णता आत येते. गच्ची दहा हजार चौरस फुटांची आणि फरक 35 अंशांचा (वर तापलेलं काँक्रीट 60, आत 25) धरा. एकट्या छतातून आलेली उष्णता बाहेर काढायला सुमारे 30 टनांचा एसी लागेल. हिशेब ढोबळ आहे. कोबा, वारा, स्लॅब तापायला लागणारा वेळ यांनी तो काहीसा खाली येईल. पण ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनं, म्हणजे ईसीबीसीनं, 2017 साली बहुतेक व्यापारी इमारतींच्या छताला घालून दिलेली मर्यादा आहे 0.33. बरोबर दहावा हिस्सा. तीस टनांच्या जागी तीन.

तिथवर पोचायला इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराची, जाडी किती लागते? एक्सपीएस बोर्ड हा बारीक, बंद बुडबुड्यांचा पॉलिस्टायरीनचा घट्ट फोम. काँक्रीटमधून जेवढी उष्णता वाहते, त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढीच तो वाहू देतो. त्याचा 80 मिलिमीटरचा थर पुरतो. गंमत अशी, की यातला पहिला एक इंचच उष्णता जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटवतो. दुसऱ्या इंचाची कमाई त्या मानानं थोडी. बजेट तोकडं असेल, तरी निदान त्या पहिल्या इंचाला कात्री लावू नये.

[दृश्य: स्लॅबचा छेद, म्हणजे उभा कापल्यावर दिसणारी रचना. एकावर एक थर.]

आता खरा वाद. हा थर स्लॅबच्या वर टाकायचा, की खाली फॉल्स सीलिंगमध्ये?

खाली लावणं सोपं. तयार इमारतीत पुष्कळदा तोच मार्ग उरतो. पण मग स्लॅब उन्हातच राहतो. दिवसा तापतो, रात्री निवतो. रोज प्रसरण, रोज आकुंचन. बारीक तडे जातात, आणि जून उजाडला की त्याच तड्यांतून गळती. आपल्याकडे छताबद्दलची तक्रार ‘तापतं’ अशी क्वचितच येते. ‘गळतं’ अशीच येते. इन्सुलेशन विकणाऱ्यांनी विजेच्या बिलापेक्षा गळतीबद्दल जास्त बोलावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

थर वर टाकला, की स्लॅबच सावलीत येतो. आधी ढाळ, मग वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, त्यावर फिल्टर कापड आणि फरशी. वॉटरप्रूफिंग फोमखाली दडल्यानं त्याला ना ऊन लागत, ना डिश अँटेना बसवणाऱ्याचं ड्रिल. इथे ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, मात्र चालत नाही. ते भिजलं की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं.

सगळ्यात वर चायना मोझॅक: पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेली आपली जुनी गच्ची. पांढरा रंग ऊन परतवून लावतो आणि फोम उरलेल्या उष्णतेला अडवतो. एकाचं काम दुसरा करत नाही. तेलंगणानं 2023च्या धोरणात व्यापारी इमारतींना अशी ऊन परतवणारी छतं सक्तीची केली. पण पांढरं छत धुळीनं मळलं की गुण उतरतो. उन्हाळ्याआधी ते घासून धुवायला हवं, आणि हे काम कुणाच्याच यादीत नसतं.

[दृश्य: भिवंडी. नजर पोचेल तिथवर गोदामांचे पत्रे.]

इथे स्लॅबच नाही. पत्रा उन्हात काही मिनिटांत तापतो. त्याखाली ग्लासवूल अंथरतात, पण पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, पत्रा स्क्रूनं आवळला, की त्या ओळीत ती लोकर चेपून जाते. उष्णता अडवते ती लोकरीत अडकलेली हवा. चेपल्यावर ती उरतेच कुठे? नकाशात 50 मिलिमीटर, पर्लिनवर जेमतेम काही मिलिमीटर. मध्ये अंतर राखणारा स्पेसर हवा, नाहीतर सरळ सँडविच पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशन भरलेलं तयार पॅनल. चकचकीत बबल शीटचंही तेच: फॉइलसमोर हवेची पोकळी असेल तरच ती चकाकी कामाची. पत्र्याला चिकटवली, की त्या बाजूची वाया.

आणि आग. 12 ऑगस्ट 1953 रोजी अमेरिकेत, मिशिगनमधल्या लिव्होनिया इथे जनरल मोटर्सचा प्रचंड कारखाना जळाला. इन्सुलेशनच्या छतातलं डांबर वितळून पत्र्याच्या सांध्यांतून खाली ठिबकलं आणि आग पसरत गेली. त्यानंतर तिथल्या विमा कंपन्या सुटा माल न तपासता छताची अख्खी रचना आगीत तपासून पाहू लागल्या. सँडविच पॅनलमधला पफ, म्हणजे पॉलीयुरेथेनचा फोमसुद्धा जळणारा पदार्थ आहे. जिथे आगीचा धोका मोठा, तिथे रॉकवूलची, म्हणजे दगडाच्या धाग्यांच्या लोकरीची, पॅनल घ्यावीत, वजन आणि जाडी वाढली तरी.

[दृश्य: गच्चीवर चिलरची, म्हणजे मोठ्या एसी यंत्रणेच्या मशिनांची, रांग.]

मग हे सर्रास का होत नाही? छताचा खर्च बिल्डर करतो, विजेचं बिल भाडेकरू भरतो. त्यात एसीचे टन ठरतात तेव्हा छताचा छेद अजून ठरलेला नसतो. सल्लागार उघडा स्लॅब गृहीत धरून मोठी मशिनं मागवतो. पुढे इन्सुलेशन झालं, तरी चिलरचे पैसे गेलेले असतात.

शेवटच्या मजल्यावर ऑफिस भाड्यानं घेत असाल, तर करारावर सही करण्याआधी मालकाकडे छताचा छेद मागा. कोणता थर, किती मिलिमीटर. आकडा सांगता आला नाही, तर भाड्याची घासाघीस करायला तुमच्या हातात मुद्दा आहे.