पत्ता

न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड हिल्स येथील स्त्रियांच्या तुरुंगात तान्ह्या मुलांसाठी एक विभाग आहे. तो १९०१ सालापासून चालत आला आहे. शिक्षा भोगत असताना बाळंत झालेली स्त्री तेथे आपले मूल एक वर्षाचे होईपर्यंत, आणि तिची सुटका जवळ आली असेल तर दीड वर्षाचे होईपर्यंत, स्वतःजवळ ठेवू शकते. आईच्या पलंगाशेजारीच बाळाचा पाळणा असतो. रात्री बाळ रडले की त्याला उचलून घेणारी बाई दिवसा कैदी म्हणून मोजली जाते.

सुटकेची तारीख ठरू लागली की तिला पहिला प्रश्न विचारला जातो: तू राहणार कुठे? पॅरोलवर, म्हणजे शिक्षा पूर्ण होण्याआधी देखरेखीखाली, सुटायचे तर अधिकाऱ्यांनी तपासून मान्य केलेला पत्ता द्यावा लागतो. ज्या घरातून अटक झाली तेथे मारहाण करणारा नवरा असेल, आईवडिलांनी दार बंद केले असेल, घरमालक गुन्ह्याची नोंद पाहून नकार देत असेल, तर हा एकच प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांवर भारी पडतो. मुलाचा ताबाही त्याच्याशीच बांधलेला असतो. अमेरिकेच्या १९९७ सालच्या संघीय कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात राहिले, तर काही अपवाद वगळता आईवडिलांचे हक्क संपवण्याची कारवाई सुरू करावी लागते. तुरुंगातली शिक्षा अनेकदा याहून लांब असते. न्यूयॉर्कने २०१० साली कैदी पालकांसाठी या नियमात काही सवलत दिली. तरीही न्यायालयात उभी राहणारी आई मुलाला नेणार कुठे, हे तिला सांगावेच लागते.

सिस्टर टेसा फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या संत जोसेफ या कॅथलिक संघातील चार धर्मभगिनी अशा स्त्रियांना आधार देण्याच्या कामात उतरल्या त्या मुलांच्या बाजूने. १९८०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी कैदी स्त्रियांची मुले स्वतः सांभाळायला घेतली आणि न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे धर्मभगिनींच्या मठात, संसार मांडला. अमेरिकेत १९६५ साली सुमारे १ लाख ८० हजार कॅथलिक धर्मभगिनी होत्या. पुढे ही संख्या घटत गेली आणि ठिकठिकाणची कॉन्व्हेंट रिकामी पडत गेली. त्यांतल्या एका वास्तूत पुन्हा मुलांचा आवाज घुमू लागला. मग त्या मुलांच्या आया तुरुंगातून सुटू लागल्या, आणि त्यांनाही छप्पर हवे होते. ‘अवर चिल्ड्रेन’ ही संस्था अशी गरजेतून वाढली. तिच्या नावातला ‘अवर’ म्हणजे तास: आईच्या अटकेचा, तुरुंगातल्या भेटीचा आणि सुटकेचा, मुलाचे आयुष्य घडवणारा.

व्रतस्थ स्त्रियांनी हे काम हाती घ्यावे, यात आम्हाला एक स्वाभाविकपणा दिसतो. एका छपराखाली, एका पंगतीला, आपल्या नात्यागोत्याच्या नसलेल्या माणसांसोबत जन्म काढणे ही त्यांची रोजची साधना असते. कोणी अबोल झाली आहे, कोणी ताटावरून उठून गेली आहे, हे अशा घरात नजरेतून सुटत नाही.

संस्था जुन्या कपड्यांची आणि वस्तूंची दुकानेही चालवते. देणगीत आलेला कोट झटकायचा, त्याची बटणे तपासायची, किमतीची चिठ्ठी लावायची आणि गिऱ्हाईक आले की गल्ल्यावर बसायचे. चोरीचा शिक्का बसलेल्या स्त्रीच्या हाती गल्ला सोपवणे म्हणजे काय, हे प्रमाणपत्रात लिहिता येत नाही. पण पुढच्या नोकरीच्या वेळी तिच्याबद्दल खात्रीने बोलू शकणारे माणूस तिला येथेच मिळते.

मुलाच्या शाळेचा प्रवेश अर्ज समोर येतो. आईचे नाव, मुलाचे नाव, जन्मतारीख. पुढच्या रकान्यात ती घराचा क्रमांक लिहिते, रस्त्याचे नाव लिहिते, क्वीन्स, न्यूयॉर्क असे लिहिते आणि अर्ज खिडकीतून आत सरकवते.