मिरगाआधीचे जळण

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. या माहितीपटात पडद्यावर दिसणारे निलगिरीचे हे खोड बांधावरून परड्यात आणले, तेव्हा ते वाहणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर जळणाइतकाच पाण्याचा भार होता. तोडणे, फोडणे आणि रचणे ही तीन कामे वेगवेगळी दिसत असली, तरी तिन्हींचा हेतू हे पाणी घालवणे हाच आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत त्यासाठी मिळणारी मुदत दिवाळीनंतरच्या थंडीपासून मृग नक्षत्रापर्यंतची, म्हणजे जेमतेम सहा-सात महिन्यांची असते.

कोल्हापूर शहर मागे टाकून कळे, साळवण या मार्गाने गगनबावड्याकडे निघाले, की साधारण ५५ किलोमीटरांच्या अंतरात पावसाचे गणित पूर्णपणे बदलते. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळच्या काळ्या रानात, पाऊस बेताचाच पडतो आणि दोन सरींच्या मध्ये उघडीपही चांगली मिळते. गगनबावड्यात मात्र वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. मृगात सुरुवात झाली की आर्द्रा, मग तरणा म्हणून ओळखला जाणारा पुनर्वसूचा आणि म्हातारा म्हणून ओळखला जाणारा पुष्याचा पाऊस, अशी रीघ लागते. या काळात कौलांवर ऊन दिसलेच, तर ते घटकाभराचे पाहुणे असते. जे लाकूड जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाळले नाही, ते त्यानंतर दसऱ्यापर्यंत वाळत नाही, आणि नेमके याच दिवसांत घरात चूल सर्वांत जास्त वेळ पेटती ठेवावी लागते.

ओल्या लाकडाने नेमके काय बिघडते, हे थोडे आकड्यांत पाहू. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते, तर त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० किलोकॅलरी लागते. १०० किलो ओल्या लाकडात ५० किलो पाणी धरले, तर ते घालवण्यात ३० हजार किलोकॅलरींहून थोडी अधिक उष्णता खर्ची पडते. उरलेल्या ५० किलो कोरड्या लाकडातून दोन लाखांहून अधिक किलोकॅलरी मिळतात, हे लक्षात घेता कागदावरचा तोटा सातव्या हिश्श्याच्या आसपासच भरतो. चुलीतला तोटा मात्र याहून पुष्कळ मोठा असतो. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाला असते ती त्या वायूंची. लाकडाच्या आतले पाणी निघून जाईपर्यंत तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, भोवतालची आग थंडावते आणि सुटलेले वायू पेट न घेताच बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे न जळलेले जळणच असते. ते आढ्याला काजळी होऊन चिकटते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जाते.

कोणते झाड जळणासाठी घ्यावे, याची निवड पुष्कळशी जमिनीने आणि काहीशी कायद्याने ठरवून दिलेली आहे. शिरोळ-हातकणंगलेकडे बाभूळ आहे. तिचे निखारे दाट पडतात आणि बराच वेळ धग धरतात, त्यामुळे भाकरी शेकण्यासाठी तिची बरोबरी करणारे जळण सहसा सापडत नाही. पश्चिमेकडे बांधावरची निलगिरी, गिरीपुष्प, सुबाभूळ आणि वाऱ्याने पडलेल्या झाडांच्या फांद्या यांवर भिस्त असते. आंब्याचे लाकूड लवकर फुटते, लवकर वाळते आणि तितक्याच लवकर संपते, म्हणून ते चूल पेटवण्यासाठी राखून ठेवतात. झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असले, तरी आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, साग, खैर अशा जाती १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत येतात आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याखेरीज त्यांवर कुऱ्हाड चालवता येत नाही. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर जळण तोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गव्यांसाठी राखलेले हे जंगल २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे.

काही झाडे कायद्याने नव्हे, तर रिवाजाने वाचतात. वड, पिंपळ आणि औदुंबर यांच्या समिधा होमात पडतात, पण भाताच्या पातेल्याखाली ही लाकडे सारणारे घर नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीत शोधूनही सापडणार नाही. बिब्ब्याला आणि कण्हेरीला हात न लावण्याचे कारण अगदी वेगळे आहे. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि कण्हेरीचा धूर विषारी असतो. या दोन झाडांच्या बाबतीत जुन्या माणसांचे ऐकण्यातच शहाणपण आहे.

आता खोडाचे तुकडे करण्याचे काम सुरू होते. पूर्वी दोघांनी ओढायची मोठी करवत असे, आज पेट्रोलवर चालणारे यंत्र आले आहे. तुकड्याची लांबी चुलीच्या तोंडावरून ठरते. घरच्या चुलीला हातभर तुकडा पुरतो. पाणी तापवण्याच्या बंबाला त्याहून आखूड लागतो. लांबी कमी ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. झाड जिवंत असताना पाणी मुळापासून शेंड्याकडे ज्या सूक्ष्म नळ्यांतून चढते, त्याच नळ्यांतून ते मेलेल्या लाकडातूनही बाहेर पडते, म्हणजे तुकड्याच्या दोन कापलेल्या टोकांतून ते झपाट्याने जाते आणि सालीतून जवळजवळ जातच नाही. न फोडलेले गोल ओंडके दोन उन्हाळे पडून राहिले, तरी गाभ्यात ओले सापडतात, ते यामुळेच.

फोडण्यासाठी गुडघ्याइतक्या उंचीचा रुंद ठोकळा लागतो. ओंडका त्यावर उभा केला, की कुऱ्हाड मारण्याआधी त्याचे कापलेले तोंड नीट न्याहाळावे. आठवडाभर उन्हात राहिलेल्या या तोंडावर मध्यापासून सालीकडे धावणाऱ्या बारीक चिरा दिसतात. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, तितके मध्यातून बाहेरच्या दिशेने आकसत नाही; जवळपास निम्मेच आकसते. या ताणामुळे ते आपल्या आपणच आरपार चिरू लागते. फोडणाऱ्याने त्यातली सर्वांत लांब चीर निवडायची आणि तिच्याच रेषेत पाते उतरवायचे. ओंडका जाड असेल, तर पहिला घाव मध्यावर घालणे व्यर्थ जाते. कडेकडेने ढपल्या काढत आत सरकावे, म्हणजे शेवटी गाभ्याचा चौकोनी तुकडा उरतो आणि तो दोन घावांत निकालात निघतो. गाठ असलेल्या ओंडक्याची तऱ्हा न्यारी असते. गाठ म्हणजे खोडात गाडली गेलेली फांदी. तिथे धागे वळून आडवे झालेले असतात, त्यामुळे गाठ खालच्या अंगाला ठेवून वरच्या सरळ भागातून फट पाडत आणावी लागते. अगदीच अडले, तर लोखंडी पाचर आणि घण आहेतच.

निलगिरीच्या बाबतीत घाई करणे योग्य ठरते. तिचे धागे पीळ घेत वाढतात, ती ओली असताना बऱ्यापैकी फुटते आणि वाळल्यानंतर मात्र कुऱ्हाडीला दाद देत नाही. लाकूड वाळवून मग सावकाश फोडू, असे म्हणणाऱ्याला निलगिरी चैत्रातल्या उन्हात चांगलाच घाम काढायला लावते.

कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा असेल तर उत्तम. हे लाकूड चिवट असून घावाचा हिसका स्वतःत जिरवते आणि तो मनगटापर्यंत पोहोचू देत नाही. फोडण्यासाठी पाते जरा जाड आणि पाचरीसारखे उतरते असावे लागते, कारण पातळ पाते लाकडात रुतून बसते आणि ते उपसण्यातच निम्मी ताकद जाते. रुतलेल्या कुऱ्हाडीच्या डोक्यावर घण मारण्याची सवय मात्र वाईट. त्याने दांड्याचे भोक पसरते आणि एखाद्या दिवशी पाते निसटून भलतीकडे उडते. पाचरीचे डोके ठोकून ठोकून कडांनी फाटले असेल, तर ते कानसून घेणे हेही तितकेच गरजेचे आहे, कारण त्या कडांचे तुकडे डोळ्यांकडे उडतात. पाय फाकून उभे राहावे आणि घाव चुकला, तरी पाते ठोकळ्यातच उतरेल अशा बेताने मारावा.

फोडण्याचे काम बहुतेक घरांत पुरुष करतात. रचण्याचे काम मात्र जिला ते जळण जाळायचे आहे, तिच्या देखरेखीखाली होते. परड्यात या क्षणी चाललेले संभाषण अगदी थोडे आहे. ‘अवो, त्यो गाठीचा वल्ला हाय, त्यो वरच्या अंगाला ठेवा,’ असे घरधनीण म्हणते आणि घरधनी काही न बोलता तुकडा उचलून वर ठेवतो.

रांग जमिनीवर थेट रचली जात नाही. खाली दगड आणि त्यांवर दोन आडव्या बल्ल्या टाकून वीतभर पोकळी ठेवतात, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीला सहज वाट मिळत नाही. रांगेच्या दोन्ही टोकांना एक थर उभा आणि एक थर आडवा, अशी चौकट बांधत नेतात आणि तिच्या आधाराने मधले तुकडे एकाच दिशेने टाकतात. तुकडे घट्ट बसवण्याचा मोह आवरावा लागतो. देखणी आणि चिरेबंदी रांग वाऱ्याला अडवते, थोडी विस्कळीत रांग त्याला आत घेते. कापलेली टोके पश्चिमेच्या वाऱ्याकडे असावीत आणि एकामागे एक दोन रांगा असल्या, तर मध्ये माणूस जाईल इतकी फट असावी. वैशाखात वळीव येतो, तेवढ्यासाठी वर पत्रा, जुनी कौले किंवा उसाच्या पाल्याचे छप्पर टाकतात. बाजू मात्र उघड्याच राहिल्या पाहिजेत. चहूबाजूंनी प्लास्टिकचा कागद गुंडाळण्याची पद्धत अलीकडे दिसू लागली आहे आणि ती जळणाच्या मुळावर येणारी आहे, कारण लाकडातून निघालेली वाफ त्या कागदाच्या आतल्या अंगाला थेंब होऊन जमते आणि परत लाकडावरच पडते.

फाल्गुनात या रांगेला वाळवीपेक्षा गावातल्या पोरांचे भय अधिक असते. होळीसाठी लाकडे पळवणे हा चोरीचा प्रकार मानला जात नाही, आणि ज्याच्या परड्यातून लाकूड गेले त्याने बोंब मारायची तीही होळीपुढेच. कोल्हापूर शहरात अलीकडे होळी लहान करून उरलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला दान देण्याची चळवळ रुजली आहे. गावाकडच्या जळणाच्या रांगांनाही तिचा थोडा आडून फायदा झाला, तर कोणाची हरकत नसावी.

भयाचे आणखी एक कारण खरोखर गंभीर आहे. रांगेतल्या सावलीत उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस, मण्यार आणि नाग येतात. विंचू तर असतातच. म्हणून जळण नेहमी वरून काढावे, आधी काठीने हलवून पाहावे आणि दिवेलागणीनंतर फटीत हात घालू नये.

लाकूड वाळले की नाही, हे ओळखायला यंत्राची गरज नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले, की वाळलेली लाकडे टणटणतात आणि ओली बद्द वाजतात. टोकांवरच्या चिरा रुंदावतात, साल नखाने सुटते आणि हातातले वजन उतरते. निम्मे पाणी असलेले १०० किलो लाकूड २० टक्के ओलीपर्यंत वाळले, तर त्याचे साडेबासष्ट किलो भरते. शहरातल्या वखारीत जळण वजनावर विकले जाते, हे ध्यानात घेतले, म्हणजे ओले लाकूड घेणारा दर शंभर किलोंमागे सदतीस किलोंहून अधिक पाणी विकत घेतो, हे उघड होते. हमरस्त्यावर ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या लावणाऱ्या हॉटेलवाल्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. तांबड्या रश्शाला धुराचा वास चालतो, पण भट्टी मंदावलेली चालत नाही. गुऱ्हाळावरही रस काढल्यानंतरची चिपाडे आधी अंगणात पसरून उन्हात खडखडीत करतात आणि मगच काहिलीखाली सारतात.

पावसाळा लागला, की हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या पुढे जातो आणि छपराखालचे वाळलेले लाकूडही हवेतून ओल ओढू लागते. फार दिवस तशा हवेत राहिले, तर ते वीस टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबते. म्हणून आठवड्याला पुरेल इतके जळण चुलीमागच्या भिंतीला लावून ठेवतात. चुलीतली धग त्याला पुन्हा कोरडे करते, मात्र ते जाळापासून हातभर लांब ठेवावे लागते. एखादा ओला तुकडा चुकून आत गेलाच, तर त्याच्या मागच्या टोकातून आधी फेस येतो, मग सुस्स असा आवाज येतो आणि त्या घरी भात थोडा उशिरा शिजतो. गॅसचा १४.२ किलोंचा सिलिंडर आज बहुतेक स्वयंपाकघरांत आहे. चहा आणि घाईचे पदार्थ त्यावर होतात, अंघोळीचे पाणी आणि भाकरी मात्र अजून जळणावर आहेत.

दसऱ्यानंतर उरलेले जुने जळण नव्या रांगेखाली दडपले जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. ज्या तुकड्यांखाली पिवळसर पीठ पडलेले दिसते, त्यांना भुंग्याने पोखरलेले असते. ते आधी जाळून टाकतात, नाही तर तो भुंगा नव्या लाकडात शिरतो. बाकीचे चांगले तुकडे वेगळे काढून सोप्याच्या कोपऱ्यात रचतात आणि पुढल्या मृगाच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवतात. या वर्षी तोडलेली निलगिरी तोवर कितपत वाळेल, याचा भरवसा कोणीही देत नाही.