शेळी पाला कसा निवडते

[दृश्य : बोरीचं झुडूप. शेळीचं तोंड अगदी जवळून.]

हे तोंड नीट बघा. वरचा ओठ मधोमध दुभागलेला आणि बोटासारखा हलणारा. बोरीला सरळ काटा असतो, शेजारी आकडाही असतो. दोन्हींच्या मधून हा ओठ आत शिरतो, पान धरतो आणि तोडून घेतो. काटा जागच्या जागी राहतो. एक पान, दोन पानं, चार पानं... आणि समोर भरपूर पाला असताना शेळी पुढे निघाली. बाभळीपाशी मागच्या पायांवर उभी राहिली, शेंडा खुडला आणि तिथूनही हलली.

शेळी चंचल, एका जागी चरणं तिला ठाऊकच नाही, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. चार-चार पानांच्या या घासांतच तिचं शहाणपण आहे. पाला कापून गव्हाणीत आणून टाकणाऱ्या माणसाने शिकावं ते हेच.

मेंढीची मान खाली. ती गवत जमिनीलगत कुरतडते. पाला तिची पहिली आवड नाही. पण गवत वाळलं की तीही झाडाखाली येते, गळलेली पानं आणि शेंगा वेचते.

आता पाला हवाच कशाला, ते बघू. वाळलेल्या गवतात किंवा कडब्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ५ टक्के. शेळी-मेंढीच्या कोटीपोटात, म्हणजे चारा आधी जिथे आंबतो त्या मोठ्या पोटात, अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. खरा चारा तेच पचवतात. त्यांना वाढायला नत्र लागतं, ते प्रथिनांतून मिळतं, आणि चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की ते मंदावतात. मग पोट भरलेलं दिसतं, पण पाठीचा कणा हाताला लागू लागतो. सुबाभूळ, शेवरी, हादगा, तुती, शेवगा यांच्या पाल्यात वाळल्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, कधी त्याहून जास्त. कडब्याबरोबर असा पाला पडला की कडबासुद्धा अधिक पचतो. हा मला पाल्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

दुसरा गुण उंचीचा. जठरात राहून रक्त पिणाऱ्या जंतांच्या अळ्या दवाच्या ओलीतून गवताच्या पात्यावर चढतात, पण त्यातल्या बहुतेक जमिनीपासून वीतभराच्या आतच थांबतात. झाडावरच्या पानापर्यंत त्या पोचत नाहीत. डोकं वर करून खाणाऱ्या शेळीच्या पोटात जंत कमी जातात.

[दृश्य : तळहातावर बाभळीचा कोवळा शेंडा.]

यातली दोन पानं चावून बघा. तोंड तुरट होतं, जीभ टाळूला चिकटल्यासारखी वाटते. तो टॅनिनचा गुण. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं. आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरलं म्हणून तोंड कोरडं पडलं. शेळीच्या पोटातही तेच घडतं. टॅनिन थोडं असेल तर फायदाच होतो : काही प्रथिनं कोटीपोटात न मोडता पुढे जातात आणि आतड्यात अंगी लागतात, पोटफुगीही टळते. जास्त झालं तर मात्र प्रथिनं अडकून पडतात आणि लेंडीवाटे बाहेर जातात. मेंढीला ते शेळीइतकंही सोसत नाही. चार पानं खाऊन शेळी पुढे का गेली, ते आता उमगतं.

सुबाभळीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिच्या पानात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या जनावराचे केस झडतात, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. मेंढीची लोकर कातरण्याऐवजी मिमोसिन देऊन उतरवता येईल का, याचेही प्रयोग ऑस्ट्रेलियात झाले होते. तिथली गुरं सुबाभळीने आजारी पडत. हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली की फरक पोटातल्या जिवाणूंचा असावा. १९८० च्या दशकात हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले, आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. १९९२ मध्ये त्या जिवाणूचं बारसं झालं : सिनर्जिस्टिस जोन्सी.

आपल्या जनावराच्या पोटात हा जिवाणू आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवावी.

[दृश्य : गोठा. दोरीला उलटा टांगलेला टहाळा.]

शेळी मोकळी असते तेव्हा निवड तिची. गोठ्यात बांधली की निवड आपल्या कोयत्याकडे येते. एकाच झाडाचा भारा आणून टाकला तर तिने चार पानं खाऊन जायचं कुठे? दोन-तीन झाडांचा पाला मिसळून द्या. नवा पाला मुठीने सुरू करून दहा-पंधरा दिवसांत वाढवा. पोटातल्या सूक्ष्मजीवांना तेवढा वेळ लागतो. ३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण १ किलो कोरडा चारा लागतो. हिरव्या पाल्यात ७० टक्के पाणीच असतं, त्यामुळे निम्मी गरज पाल्यावर भागवायची तर दीड-पावणेदोन किलो पाला हवा.

आणि टहाळा जमिनीवर टाकू नका. पायाखाली तुडवलेलं, लघवी लागलेलं पान शेळी हुंगून सोडून देते. तोंडाच्या उंचीला टांगा. मेंढ्यांसाठी पानं ओरबाडून गव्हाणीत टाकली की झालं.

काही पानं मात्र गोठ्यात येताच कामा नयेत. कण्हेर ओली असो वा वाळलेली, ती जीव घेते. गिरीपुष्पाचा पाला मात्र चालतो : कापून काही तास सुकू दिला की उग्र वास उतरतो आणि शेळ्या तो खातात. चेरीचं उलट : छाटलेल्या फांदीवरची अर्धवट सुकलेली पानं सायनाइडमुळे ताज्या पानांपेक्षाही घातक ठरतात. झाड ओळखल्याशिवाय फांदी आत आणू नये.

पाला वाळवून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठच्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात पाच हजार वर्षांहून जुन्या शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या मिळाल्या. त्यांत डहाळ्यांचे बारीक तुकडे होते : हिवाळ्यात जनावरं झाडावर जगवल्याची खूण.

वाळवायचं ते सावलीत. उन्हात पान पिवळं पडतं आणि त्यातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, उडतं. पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा. मुठीत धरल्यावर पान कुरकुरत मोडलं की पोत्यात भरा. ओल राहिली तर बुरशी येते. झाडाचा वरचा तिसरा भाग राखूनच कापा, म्हणजे ते पुन्हा फुटतं.

[दृश्य : कोरडा ऋतू. पोतं उघडतं.]

रंग अजून हिरवा आहे. शेळ्या दाव्याला ताण देऊन उभ्या आहेत. पाला गव्हाणीत पडतो, आणि दुभागलेला ओठ आधी देठ बाजूला सारतो.